उन्हाळ्यातली शिडाची होडी : वारा, भरती आणि डिंगीची निगा

खाडीकाठ

होळी झाली की मुंबई बंदरात शिडाच्या छोट्या होड्यांसाठी, म्हणजे डिंगींसाठी, वर्षातला सर्वांत भरवशाचा वारा सुरू होतो आणि तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साथ देतो. सकाळी जमिनीकडून येणारी मंद झुळूक दहा-अकराच्या सुमारास पडते, मधला काही वेळ पाणी अगदी स्वस्थ असते, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागला की चार वाजेपर्यंत ऑयस्टर रॉकच्या पलीकडे पांढऱ्या लाटा फुटताना दिसतात. हाच काळ होडीच्या डागडुजीचाही असतो, कारण जून उजाडला की हवेतल्या ओलाव्यामुळे रंग, व्हार्निश आणि इपॉक्सी (लाकूड जोडायचे व लेपायचे रेझिन) यांपैकी काहीही धड वाळत नाही. त्यामुळे हौशी माणसापुढे दर उन्हाळ्यात एकच पेच उभा राहतो, की होडी चालवायची की दुरुस्त करायची. दिवसाची नीट वाटणी केली तर दोन्ही साधते, हे या धाग्यात सविस्तर मांडावे आणि इतरांचा अनुभवही ऐकावा, असा हेतू आहे.

माझी होडी एंटरप्राइज वर्गातली, प्लायवुडची आहे. हा वर्ग जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये रेखाटला. होडीची लांबी ४.०४ मीटर असते, ती दोघांनी चालवायची असते, आणि निळी शिडे ही तिची ओळख. आपल्याकडे या वर्गाला मानाचे स्थान आहे, कारण १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि त्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी याच होडीत सुवर्णपदक मिळवले.

माझे ठाम मत असे आहे, की आपल्या हवेत डिंगी पाण्यावर असताना जितकी झिजत नाही, तितकी ती किनाऱ्यावर उभी असताना खराब होते. पाण्यावर ती दिवसाचे दोन-तीन तास असते. उरलेला सगळा वेळ ऊन, मीठ आणि आत साचलेले पाणी तिच्यावर काम करत असतात. म्हणून होडी वर ओढल्यावरचा अर्धा तास मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. गोड्या पाण्याने होडी धुताना बहुतेक जण बाहेरून बादल्या ओततात आणि थांबतात. वास्तविक पाणी जायला हवे ते सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) कप्प्यात, सुकाणूच्या बिजागऱ्यांत, पुलीच्या चाकांत आणि डोलकाठीच्या पोकळीत. मीठ राहिले की ते हवेतला ओलावा ओढून घेत राहते आणि वरून कोरडी दिसणारी फट आतून कायम ओली राहते. धुऊन झाल्यावर मागच्या बाजूची बुचे काढावीत, हवाबंद कप्प्यांची झाकणे उघडावीत आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, थोडी वर उचलून ठेवावी. कप्पे बंद ठेवून होडी उन्हात सोडली तर आतली हवा तापून फुगते आणि तो दाब नेमका सांध्यांवर येतो. संध्याकाळी निवल्यावर तीच हवा आकसते आणि बारीकशा फटीतून दमट हवा आत खेचते. रोज हे घडत राहिले तर चांगला जोडही काही महिन्यांत सुटतो.

आता दिवसाच्या वाटणीविषयी. सकाळी सात ते दहा या वेळात वारा बेताचा असतो, ऊनही सोसवते. तेव्हा घासकाम, तारा आणि दोऱ्यांची तपासणी करावी. दुपारी दोननंतर होडी पाण्यात न्यावी. तारांची तपासणी करण्याची एक सोपी पद्धत सांगतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारांवरून सुती कापडाची घडी वरपासून खालपर्यंत हलक्या हाताने ओढावी. तारेचा एखादा पदर तुटला असेल तर त्याचे टोक कापडाचा धागा लगेच पकडते. खालचे टोक जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेले असते, त्या पहिल्या बोटभर अंतरात सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण तिथे तार सतत वाकते आणि नळीच्या तोंडाशी खारे पाणी साचते. तिथे तांबूस डाग दिसला तर तो पुसून पुन्हा येतो का ते पाहावे, आणि एक जरी पदर तुटलेला आढळला तर तार बदलावी. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी पडते ती बहुतेक वेळा अशाच दुर्लक्षित टोकामुळे.

इपॉक्सीच्या कामाविषयी जाणकारांनी लिहावे.

रंधा

उत्तम विषय. मी पुण्यात असतो आणि लाकडी होड्यांच्या दुरुस्तीचे काम अनेक वर्षे हौसेने करतो. आपल्या वेळापत्रकात एक दुरुस्ती सुचवतो. घासकाम आणि तपासणी सकाळी करणे योग्यच आहे, परंतु उघड्या लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात सकाळी देऊ नये. ऊन चढू लागते तसे लाकूड तापते, त्याच्या रंध्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर येते. थर वाळल्यावर तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात आणि पाणी पुढे त्यांतूनच शिरते. तोच हात दुपार उतरल्यावर, लाकूड निवू लागलेले असताना दिला तर आतली हवा आकसते आणि रेझिन लाकडात ओढले जाते. अर्थात काम सावलीतच हवे.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुसरी अडचण वेगाची असते. इपॉक्सी आणि हार्डनर (ते घट्ट करणारा घटक) एकत्र केल्यावर ते स्वतःच तापू लागते आणि मोठ्या वाटीत ठेवले तर काही मिनिटांत धूर सोडून घट्ट होते. म्हणून मंद गतीचा हार्डनर घ्यावा, थोडेथोडेच मिसळावे आणि मिसळल्याबरोबर पसरट ताटलीत ओतावे, म्हणजे उष्णता निघून जाते. लवकर घट्ट होते म्हणून हार्डनर कमी घालणारे लोक मी पाहिले आहेत. तसे अजिबात करू नये, कारण ते प्रमाण रासायनिक आहे. कमी हार्डनरने मिश्रण सावकाश वाळत नाही, ते कायमचे चिकट राहते.

समुद्रकाठी रात्रभर वाळलेल्या थरावर सकाळी हाताला मेणासारखा पातळ चिकटा लागतो. तो दमट हवेमुळे येतो. सॅंडपेपरने घासला तर तो पृष्ठभागात आणखी भरला जातो आणि वरचा रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे आधी साधे पाणी आणि भांडी घासण्याची खरखरीत घासणी वापरून धुवावे, कोरडे करावे, आणि मगच सॅंडपेपर हातात घ्यावा.

प्लायवुडचा तुकडा बदलायचा झाल्यास आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलेच मरीन प्लाय घ्यावे. जोड तिरका तासून द्यावा. प्लायच्या जाडीच्या निदान आठपट लांबीचा उतार ठेवला तर तो जोड आजूबाजूच्या लाकडाइतकाच भार पेलतो. आणि कृपया लाकडावर पॉलिएस्टर रेझिन वापरू नये. फायबरच्या होड्यांना ते चालते, लाकडाला मात्र नीट धरत नाही. इपॉक्सीलाही ऊन सोसत नाही, म्हणून त्यावर रंग किंवा अतिनील किरण अडवणारे व्हार्निश लावलेच पाहिजे. डेकचा रंग शक्यतो पांढरा किंवा फिकट असावा. गडद निळा डेक देखणा दिसतो, पण मे महिन्यात तो इतका तापतो की खालचे इपॉक्सी मऊ पडू लागते.

मुंबईकरांना आणखी एक सुचवतो. सुकाणूचे पाते आणि सेंटरबोर्ड हे सुटे निघणारे भाग दुरुस्तीपूर्वी घाटावर आणावेत. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता पुष्कळदा तीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि किनाऱ्यावर महिनाभर न सुकणारे लाकूड इथे आठवड्या-दोन आठवड्यांत सुकते. मात्र ते भिंतीला टेकवून उभे ठेवू नये; सपाट जागी, खाली पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे आडवे ठेवावे, नाहीतर पाते वाकते. वाकलेले पाते पाण्यात एका बाजूला ओढते आणि ते सरळ करणे फार कठीण जाते.

नीलशीड

माझा मुलगा गेल्या वर्षापासून ऑप्टिमिस्ट ही मुलांची होडी चालवतो आणि मी स्वतः या उन्हाळ्यात लेझर ही एकट्याने चालवायची होडी शिकायला सुरुवात केली आहे. दोन्ही होड्या फायबरच्या आहेत. त्यांनाही इतकी निगा लागते का? क्लबातले काही जण सांगतात की फायबरला काही होत नाही, फक्त धुऊन ठेवा. शिवाय माझ्या लेझरमध्ये थोडे पाणी येते. बूच काढले की दर वेळी तांब्याभर निघते. हे चालण्यासारखे आहे का?

खाडीकाठ

नीलशीडताई, फायबर कुजत नाही हे खरे. त्याला काही होत नाही हे मात्र खरे नाही. उन्हाने वरचा चकाकता थर खडूसारखा भुकटी सोडू लागतो, आणि होडी ट्रॉलीवर चुकीच्या जागी टेकवली तर तळ हळूहळू आत दबतो. लेझरचा भार ट्रॉलीने दोन्ही कडांच्या खाली पेलावा, तळाखाली एखादाच ठोकळा देऊन ती ठेवू नये.

ऑप्टिमिस्टची रचना क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी केली आणि ती मुद्दाम साधी ठेवली. लांबी २.३ मीटर, रिकाम्या होडीचे वजन ३५ किलो. तिच्यात काळजी घेण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे हवा भरलेल्या पिशव्या. त्या उन्हात ठासून भरलेल्या ठेवल्या तर शिवणीत फाटतात. किनाऱ्यावर थोडी हवा सोडावी आणि पाण्यात जाण्यापूर्वी पुन्हा भरून, पट्टे ओढून पाहावेत. मुलाची होडी उलटल्यावर तिला तरंगत ठेवणाऱ्या त्याच पिशव्या असतात, म्हणून ही तपासणी मुलाकडूनच करून घ्यावी, म्हणजे त्याला ती सवय लागते.

लेझरमधले पाणी कुठून येते ते आजच शोधा. डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते, ती पाण्याने काठोकाठ भरा आणि थोडा वेळ थांबा. पाण्याची पातळी उतरली तर खोबणीचा तळ झिजलेला आहे आणि पाणी थेट होडीच्या पोटात जात आहे. वाळूचे कण खोबणीत राहिले की डोलकाठी फिरताना तळ कानशीने घासल्यासारखा झिजतो, म्हणून काठी बसवण्यापूर्वी खोबणी धुण्याची सवय ठेवावी. हा दोष असेल तर दुरुस्तीपर्यंत होडी वाऱ्यात नेऊ नका, कारण जोराच्या झोतात खोबणी फाटली तर डोलकाठी डेकसह उखडते. खोबणी ठीक असेल तर मग मागचे बूच, सेल्फ बेलर (चालत्या होडीतले पाणी आपोआप बाहेर काढणारी झडप) आणि डेक व तळ यांचा कडेचा सांधा या क्रमाने पाहावे. बुचाची रबरी कडी हा बदलायला सर्वांत स्वस्त भाग आहे आणि पुष्कळदा गळती तिथेच निघते.

लेझरच्या डोलकाठीचे वरचे नळकांडेही पाहून घ्या. ॲल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेसचा रिव्हेट असला की खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेटभोवती पांढरी पूड आणि फुगलेला रंग ही त्याची खूण. नवीन रिव्हेट बसवताना मधे विद्युतरोधक लेप द्यावा.

मालवणकाठ

धागा वाचून फार बरे वाटले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या आहेत, उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारे लाकूड असलेल्या) आणि बिनउलांडीच्याही. डिंगीविषयी मला फार माहिती नाही, पण शीड आणि पाणी सर्वांना सारखेच, म्हणून भरतीविषयी लिहितो. वाऱ्याची चर्चा वर चांगली झाली, पाण्याची झालेली नाही.

कोकणात भरतीचा ढोबळ हिशेब तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की जितके येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला हिशेब सव्वाअकराचा येतो. मुंबईत प्रत्यक्षात बारा किंवा त्याही पुढे होते. बंदराप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी, परंतु दिवसाचा अंदाज यावरून चटकन बांधता येतो.

उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो ते पाहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि नेमका खारा वारा चढत असताना, एक ते सहा या वेळात, ओहोटीचे जोरदार पाणी बाहेर जात असते. मुंबईत उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तेवढे सगळे पाणी सहा तासांत बंदरातून बाहेर पडते. संध्याकाळी वारा पडला आणि आपण कुलाब्याच्या दक्षिणेला असलो, तर शीड निकामी होते आणि पाणी प्रॉंग्ज दीपगृहाकडे, उघड्या समुद्राकडे ओढत राहते. कशीबशी परत पोहोचलेली होडीही धक्क्याच्या उताराखाली चिखलात अडकते, कारण त्या वेळी पूर्ण ओहोटी असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, याच्या उलट घडते. दुपारभर मंद भरती आत येत असते, संध्याकाळी धक्क्याला भरपूर पाणी असते आणि वारा पडला तरी पाणी घरच्या दिशेने आणते. नवशिक्यांनी शिकण्यासाठी अष्टमीच्या मागचेपुढचे चार दिवस धरावेत. वायव्येच्या वाऱ्यात पहिला अर्धा वेळ वाऱ्याच्या दिशेने वर चढावे आणि परतीला वारा पाठीवर घ्यावा, हेही पाळावे.

कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी आणखी एक धोका असतो. ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे बाहेर पडते आणि वारा पश्चिमेकडून आत येतो. दोघे समोरासमोर आले की वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी मी सकाळी आरशासारखे शांत असलेले पाणी दुपारी चारला फुटताना पाहिले आहे. सुट्टीत डिंगी घेऊन कोकणात येणाऱ्यांनी मुखातून ये-जा भरतीवरच करावी.

हॅम्पशायरवासी

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, चिचेस्टर बंदराजवळ मिरर डिंगी चालवतो. एंटरप्राइजच्या जॅक होल्ट यांनीच बॅरी बकनेल यांच्यासह १९६२ मध्ये ही होडी तयार केली आणि डेली मिरर या वृत्तपत्राने ती लोकांपर्यंत नेली, म्हणून तिची शिडे लाल. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये बसवायची, अशी ती घरच्या घरी बांधता यावी ही कल्पना होती. सत्तर हजारांहून अधिक मिरर बांधल्या गेल्या. माझी होडी जुनी आहे आणि तिच्या सांध्यांत त्या तांब्याच्या टाक्यांची टोके अजून दिसतात.

इथले वेळापत्रक तुमच्या अगदी उलट आहे. होडी पाण्यावर नेण्याचा काळ एप्रिल ते ऑक्टोबर, आणि डागडुजी हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर, जेव्हा थंडीमुळे इपॉक्सी वाळतच नाही. तुम्ही वाटीत धुरावणाऱ्या रेझिनची काळजी करता. आम्ही गॅरेजमध्ये हीटर लावून दोन दोन दिवस वाट पाहतो. मात्र रोगाचे मूळ दोन्हीकडे एकच दिसते. इथल्या बहुतेक मिरर कुजतात त्या कप्प्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे पावसाचे गोडे पाणी साचते. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजते, कारण मिठामुळे बुरशीला थोडा अटकाव होतो. म्हणून गोड्या पाण्याने धुणे योग्यच, पण धुतल्यावर ते पाणी पूर्ण निघाले पाहिजे. अर्धवट धुऊन ओली झाकून ठेवलेली होडी न धुतलेल्या होडीपेक्षा अधिक धोक्यात असते. मी स्पंज घेऊन प्रत्येक कप्प्यात हात घालतो आणि कोपरा हाताला कोरडा लागल्याशिवाय आच्छादन चढवत नाही.

मऊ लाकूड शोधायला मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. चांगले प्लाय खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. रंग शाबूत असतानाही आवाजातला हा फरक लगेच कळतो.

नीलशीड

खोबणी पाण्याने भरून पाहिली. पातळी उतरली नाही. बुचाची कडी मात्र चिरलेली होती आणि ती बदलली आहे. मालवणकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे प्रशिक्षकांशी बोलून पुढचे धडे अष्टमीच्या आठवड्यात घेण्याचे ठरवले. आता शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात होडी ठेवायची कशी? आमच्याकडे बंद जागा नाही.

मालवणकाठ

आमच्याकडे लाकडी होडी नारळाच्या ओंडक्यांवर चढवून माशाचे तेल चोळतात आणि वर झापांचे उतरते छप्पर घालतात. त्या छपरात दोन गुण आहेत: पाणी आत येत नाही आणि हवा सर्व बाजूंनी खेळती राहते. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळलेली होडी मात्र आतून घाम धरते. जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने आणि त्यापुढे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी अशीच राहते.

खाडीकाठ

हेच तत्त्व डिंगीलाही लागू आहे. झाप नसतील तर ताडपत्री चालेल, पण ती होडीला टेकू देऊ नये. होडीच्या लांबीभर एक बांबू आडवा बांधून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडावी आणि पुढची-मागची टोके उघडी ठेवावीत. जागा कमी असेल तर होडी पालथी घालावी. मात्र ती कडांवर, दोन जाड आडव्या लाकडांवर टेकलेली असावी आणि जमिनीपासून निदान गुडघाभर उंच, म्हणजे खालून वारा लागतो. जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात हलकी होडी उडते, म्हणून तिला दोन्ही टोकांना जमिनीतल्या खुंट्यांशी रुंद पट्ट्यांनी बांधावे. बारीक दोरी कडेला काचते.

हे सर्व मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटोपावे. त्यानंतर वारा नैर्ऋत्येकडे झुकतो, समुद्रात लांब लाटांचा फुगारा येऊ लागतो, आणि दुपारनंतर पूर्वेला ढग जमून वळवाचा पाऊस अचानक झोडपतो. वळवाच्या आधी येणारा झोत जमिनीकडून येतो, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या बरोबर विरुद्ध; पूर्वेकडे काळे ढग वर चढताना दिसले तर शर्यत चालू असली तरी शीड उतरवून परत फिरावे.

शिडे, दोऱ्या, सुकाणू आणि सेंटरबोर्ड घरी न्यावेत. शिडे गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढावे, सावलीत आडव्या दोरीवर वाळवावीत, वाऱ्यात फडफडू देऊ नयेत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रेषेवर घडी पडेल अशी सैल गुंडाळी करून कोरड्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावीत. उंदीर लागणार नाहीत एवढे पाहावे. पुली उघडून धुवाव्यात, पण त्यांना ग्रीस लावू नये, कारण ग्रीस वाळू आणि मीठ धरून ठेवते. डोलकाठी होडीपाशीच ठेवावी लागली तर ती तीन ठिकाणी आधार देऊन आडवी ठेवावी आणि एक टोक किंचित खाली असावे, म्हणजे पोकळीत पाणी राहत नाही. कुंभारमाशीने तिथे मातीचे घर करू नये म्हणून दोन्ही तोंडांना बारीक जाळी बांधावी.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एकदा ताडपत्री वर करून कप्पे उघडावेत आणि हॅम्पशायरवासी यांनी सांगितल्याप्रमाणे ठोकून पाहावे. मऊ भाग सापडला तर त्यावर त्या वेळी काहीही लावू नये. खडूने खूण करून ठेवावी आणि ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकल्यावर रंधा यांच्या पद्धतीने काम सुरू करावे.